रान राखलंय, पण ॲपमध्ये लिहायचं कुठं?

आंब्याच्या हिशोबाची ॲपं खंडीभर आहेत. फवारणी कधी केली, पेट्या किती गेल्या, गड्यांची मजुरी किती झाली, ह्याला आता वहीसुद्धा लागत नाही. मला पाहिजे होतं ते वेगळं. आमची जमीन राजापूर-देवगडच्या शिवेवर, हापूसची कलमं, थोडे काजू, वर कातळसडा, म्हणजे उघड्या कातळाचं पठार, आणि खाली व्हाळाच्या, म्हणजे ओढ्याच्या, दोन्ही अंगांना जुनं रान. ते रान आम्ही तोडायला दिलेलं नाही, सड्यावरचं गवत जाळत नाही, गडग्यांतली, म्हणजे दगडी बांधांतली, झुडपं सरसकट साफ करत नाही, पाऊस सरला की व्हाळावर वनराई बंधारा घालतो. तर ह्या सगळ्याची नीट नोंद राहावी, फोटो जागेसकट राहावेत, बेणणी, म्हणजे गवत-झुडपं कापणं, कुठून सुरू करायची आणि कुठं हातच लावायचा नाही हे नवीन गड्याला दाखवता यावं, आणि पुण्याचं गिऱ्हाईक "तुम्ही निसर्गासाठी काय करता हो?" असं विचारतं तेव्हा नुसत्या गप्पा हाणायला लागू नयेत, एवढ्यासाठी मी ॲपं धुंडाळायला घेतली. त्यातली जी खरोखर वापरली त्यांच्याबद्दल लिहितेय, प्ले स्टोअरवर नुसती बघून सोडली त्यांच्याबद्दल नाही.

सुरुवात पैसे भरून घेतलेल्या ॲपपासून करते. नाव घेत नाही कारण तशी आणखी दोन-चार आहेत आणि सगळ्यांची जात एकच. दिसायला झकास, मराठी आहे, नकाशावर आपल्या बागेची हद्द बोटाने काढता येते, वर्षाची वर्गणी. आत गेल्यावर एक "शाश्वतता स्कोअर" असतो, तो वाढवायचा. कशाने वाढतो, तर झाडं किती लावली, खड्डे किती मारले, ठिबक किती एकरावर बसवलं, कंपोस्ट किती टाकलं. सगळे रकाने "काय केलंत" असे. मी आमच्या आबांना, म्हणजे बागेतल्या सगळ्यात जुन्या गड्यांना, शेजारी बसवून भरायला घेतलं तर ते थोडा वेळ बघत राहिले आणि म्हणाले, "वयनी, हेच्यात काय केलास तांच इचारतत. आपण तर रान तोडूक नाय, आग लावूक नाय. मगे लिवायचा काय?"

बरोबर आहे ना. कोकणात खाजगी जमिनीवर निसर्ग टिकलाय तो बहुतेक ठिकाणी कुणी काही लावलं म्हणून नाही, कुणीतरी काहीतरी करायचं टाळलं म्हणून. लाकडाचा व्यापारी ट्रक घेऊन दारात आला आणि आजोबांनी त्याला चहा पाजून परत पाठवलं, ह्याला रकाना कुठाय? देवरहाटीत, म्हणजे देवाच्या राखीव रानात, पडलेलं झाडसुद्धा देवाला कौल लावल्याशिवाय उचलत नाहीत, ते कुठल्या मेनूत बसवायचं?

आणि नुसता रकाना नाही एवढंच असतं तर चाललं असतं, पण हा स्कोअर उलटा चालतो. आमचा सडा त्या ॲपला "नापीक/रिकामी जमीन" दिसला आणि खाली सूचना आली की इथे वृक्षलागवड करा, गुण मिळतील. आता सडा ज्याने पावसात बघितलाय त्याला सांगायला नको. मातीचा जेमतेम पापुद्रा, पहिल्या पावसात त्यातून दीपकाडीची फुलं पांढरीशुभ्र वर येतात, ती वनस्पती जगात फक्त आपल्या ह्या कोकणपट्टीतच आहे, मग पाणी साचलं की सीतेची आसवं, जी किडे पकडून खाते, मग गेंद, मग तेरडा, गणपतीपर्यंत सगळा सडा रंगांनी भरलेला असतो. शिमग्याला बघाल तर काळा करपलेला दगड. सॅटेलाइटवरून हिरवळ मोजणाऱ्या ॲपला मार्चमधला सडा लाल रंगातच, म्हणजे हिरवळ नसलेला, दिसणार. तिथे मी जेसीबी लावला असता, कातळ फोडून वरून माती टाकून अकेशिया उभी केली असती तर माझा स्कोअर वाढला असता आणि हिरव्या पानाचा बिल्ला मिळाला असता. याच सड्यांवरची कातळशिल्पं २०२२ मध्ये युनेस्कोच्या संभाव्य यादीत गेलीत, त्यात आमच्या तालुक्यातली कशेळी आणि बारसूसुद्धा आहे, आणि ॲप म्हणतंय रिकामी जमीन.

कस्टमर केअरचा मुलगा बोलायला चांगला होता, उगाच त्याला कशाला बोल लावू, पण "मॅडम, न केलेल्या कामाची एंट्री कशी घेणार" ह्यापुढे त्याची गाडी गेली नाही. वर्गणी संपल्यावर कळलं की आपण भरलेली माहिती आपल्याला पीडीएफमध्ये मिळते, तक्त्यात मिळत नाही. म्हणजे पुढे दुसरीकडे न्यायची तर परत हाताने टायपा. पाचपैकी दीड, तो दीडही नकाशासाठी.

असं का होतं ह्याचा मी थोडा विचार केला. युरोपात शेतकऱ्याला राखण्याचे पैसे मिळतात. तिकडच्या २०२३ ते २०२७ च्या शेती धोरणात थेट अनुदानातला किमान २५ टक्के हिस्सा पर्यावरणाच्या योजनांना बांधून ठेवलाय. अमुक पट्टा पडीक ठेवला, गवत उशिरा कापलं, कुंपणाची झुडपं तोडली नाहीत, अशा गोष्टींचे त्यातून पैसे मिळू शकतात. शेतावर सॅटेलाइटची नजर असते आणि सॅटेलाइटला जिथे नीट कळत नाही तिथे शेतकरी जागेवर जाऊन मोबाईलने जीपीएसवाला फोटो काढून पाठवतो. म्हणजे तिकडच्या ॲपात "अजून कापलं नाही" ही सुद्धा नोंद असते, कारण तिच्यावर पैसे अडलेले असतात. आपल्याकडे रोप लावण्याला योजना आहे, खड्ड्याला योजना आहे, रान तसंच ठेवण्याला कोण विचारतो? मग ॲप बनवणाऱ्यानेही योजनांची यादी बघूनच रकाने पाडले असणार.

तर मग मी एपिकलेक्ट फाइव्हकडे वळले आणि आता तेच चालू आहे. फुकट आहे, जाहिराती नाहीत. हे शेतीचं ॲप नाहीच मुळात, लंडनच्या इंपीरियल कॉलेजात साथरोग आणि पर्यावरणाच्या फील्डवर्कसाठी बनलं, आता ऑक्सफर्डवाले चालवतात. त्यात रेडीमेड काही नसतं. तुम्ही कॉम्प्युटरवर त्यांच्या वेबसाइटवर जाऊन स्वतःचा फॉर्म बनवायचा, प्रश्न तुमचे, पर्याय तुमचे, आणि मग फोनमधल्या ॲपात तो फॉर्म उतरवून घ्यायचा. प्रश्न मराठीत टाइप केले की मराठीतच दिसतात. बटणं आमच्या फोनवर इंग्रजीतच आहेत, पण ती चारच, गडी ती जागा बघून दाबतात.

ह्याची सगळ्यात मोठी गोष्ट म्हणजे रेंज लागत नाही. आमच्या व्हाळात उतरलं की फोन नुसता घड्याळ म्हणून उरतो. ह्याच्यात सगळं फोनमध्ये साठतं, घरी आल्यावर वायफायवर वर पाठवायचं. फक्त एक सांगून ठेवते, पाठवताना माहिती वेगळी, फोटो वेगळे, आवाजाच्या फाइली वेगळ्या, असं एकेक करून पाठवावं लागतं, गडी माहितीचं बटण दाबून मोकळे होतात आणि फोटो फोनमध्येच बसून राहतात. आणि पाठवायच्या आधी कुणी ॲप अनइन्स्टॉल केलं तर सगळं गेलं, त्यामुळे घरातल्या पोरांना तो फोन गेम खेळायला देऊ नका.

माझ्या फॉर्मचा पहिलाच प्रश्न असा आहे: "आज काय केलं की काय टाळलं?" टाळलं निवडलं की पुढचे प्रश्न बदलतात, ही सोय त्यात आहे. काय टाळलं: तोड, आग, बेणणी, फवारणी, कवळ (पाल्याच्या फांद्या) तोडणं, व्हाळातली वाळू काढणं. का टाळलं: घरटं, फुलं, पाणी, देवाचं, नुसतंच राहू दे. मग जागा, मग फोटो, आणि शेवटी आवाज. "देवाचं" हा पर्याय आबांनी सांगून घालायला लावला आणि तो नसता तर निम्म्या नोंदी खोट्या झाल्या असत्या, कारण देवरहाटीला लागून असलेल्या पट्ट्यात आपण कुऱ्हाड लावत नाही त्याचं कारण जैवविविधता हे नाहीच, कारण देव आहे, आणि ते तसंच लिहिलं जावं.

आवाजाची सोय हा माझ्यासाठी सगळ्यात कामाचा भाग. आबांना टाइप करायचा कंटाळा, पावसात ओल्या बोटांनी स्क्रीन चालत नाही, चष्मा घरी. पण बटण दाबून बोलायला सांगितलं तर गडी खुलतो. व्हाळाच्या वरच्या अंगाला बेहड्याचं, म्हणजे आमचं घोटिंगाचं, एक जुनं झाड आहे, त्याच्या ढोलीत धनेश बसतो. मादी आत शिरते, ढोलीचं तोंड लिंपून घेते, नुसती चीर ठेवते, आणि पिल्लं मोठी होईपर्यंत नर बाहेरून चारा आणून देतो. नर बिचकला किंवा मेला तर आतली सगळी उपाशी. हा त्यांचा काळ जानेवारी-फेब्रुवारीपासून पावसाच्या तोंडापर्यंत, म्हणजे नेमका आमचा मोहोर, फवारणी, काढणी सगळं एकदम. पंपाचा आवाज, गड्यांची आरडाओरड, टेम्पो. मग आम्ही त्या झाडाच्या अंगाची कलमं सगळ्यात शेवटी घ्यायची, पंप तिकडे न्यायचाच नाही, तिथली खालची झुडपं बेणायची नाहीत असं ठरवलं. ठरवलं म्हणजे फॉर्मात घातलं, नाहीतर दरवर्षी नवीन गडी येतो आणि पहिल्याच दिवशी ग्रासकटर घेऊन तिथंच सुरू करतो.

तर आबांची एक नोंद अशी आहे: जागा आलीय, फोटो हललेला, त्यात नुसती फांदी आणि आभाळ, आणि आवाजात, मागे व्हाळाचा आवाज चालू, "नर इलो, चोचीत वडाची फळां होती, देवन गेलो. खाली बियो पडल्यत." बास. तारीख-वेळ फोनने आपोआप घातली. मला अजून काय पाहिजे? झाडाखाली बिया आणि विष्ठा पडलीय म्हणजे ढोलीतलं घरटं चालू आहे, हे कुठल्याही ड्रोनशिवाय कळतं, आणि ड्रोन तिथे उडवायचा तर नाहीच नाही.

जागेच्या बाबतीत सांगायचं तर उघड्या सड्यावर फोन तीन-चार मीटरच्या आत जागा पकडतो, दाट रानात आकडा वाढत जातो. एपिकलेक्टमध्ये अचूकता मीटरमध्ये दिसते, तेव्हा आकडा खाली येईपर्यंत थोडं थांबायचं, लगेच पुढे पळायचं नाही. फोटो ते लहान करून साठवतं, त्यामुळे छपाईच्या कामाचे फोटो साध्या कॅमेऱ्यानेही वेगळे काढा.

आता "टाळलं" ह्याचा पुरावा कसा द्यायचा? लावलेल्या झाडाचा फोटो निघतो, न लावलेल्या आगीचा कसा काढणार? ह्यावर जुना साधा उपाय आहे, ठरलेल्या जागेवरून ठरावीक दिशेला परत परत फोटो. आम्ही गडग्याच्या वरच्या चिऱ्यावर पांढऱ्या ऑइलपेंटचा ठिपका दिलाय, बाजूला बाण. फोन त्या ठिपक्यावर आडवा टेकवायचा, मागच्या फोटोची लॅमिनेट केलेली प्रिंट हातात धरून फ्रेम जुळवायची (समोरच्या झाडाचं खोड डाव्या कडेला आलं पाहिजे) आणि काढायचा. मे अखेरीला, गणपतीच्या आसपास, दिवाळीनंतर, शिमग्याला. दोन वर्षांचे शिमग्याचे फोटो शेजारी ठेवले की सडा जळलाय की राखलाय ते शेंबड्या पोरालाही कळतं. असे ठिपके गडग्यावर आहेत, बंधाऱ्याजवळ आहेत, रानाच्या कडेला आहेत. बंधाऱ्याजवळ एका चिऱ्यावर फूट-फूटभर खुणाही मारल्यात, त्यामुळे पाण्याची उंची फोटोतच दिसते, वेगळी लिहायला नको. व्हाळ कधी आटला ह्याची तारीख त्यातून मिळते आणि पुढचा बंधारा किती लवकर घालायचा हे त्यावरून ठरतं. ही झाली खरी "मॅनेजमेंट", बाकी सगळं नटवणं.

एपिकलेक्टमधलं कमी काय ते पण सांगते. आठवण करून देणं त्याच्या गावीच नाही, त्यासाठी मी फोनच्या कॅलेंडरमध्ये वेगळं लावलंय. हद्द आखून क्षेत्रफळ काढणं त्यात नाही, ते गूगल अर्थवर करते, त्याच्या कॉम्प्युटरवाल्या आवृत्तीत मागच्या वर्षांची चित्रं पण बघता येतात, शेजारच्या डोंगराचं काय झालं ते बघून जीव कासावीस होतो. आणि पहिला फॉर्म बनवायला कॉम्प्युटरची थोडी सवय असलेलं माणूस लागतं, सुट्टीत आलेल्या मुंबईच्या भाचीला बसवा, बसल्या बैठकीत होतं. माहिती मात्र तक्त्यात, सीएसव्हीमध्ये, पाहिजे तेव्हा उतरवून मिळते, कुणाच्या दाढीला हात लावावा लागत नाही. पाचपैकी सव्वाचार.

वणव्यासाठी नासाचं फर्म्स बघते. हे ॲप नाही, वेबसाइट आहे, फोनवर चालते, फुकट. सॅटेलाइटला जमिनीवर आगीची उष्णता दिसली की नकाशावर ठिपका येतो, साधारण तीन तासांत, आणि आपला भाग निवडून ठेवला की ईमेल येतो. आपल्या भारतीय वन सर्वेक्षणाचंही वन अग्नी म्हणून पोर्टल आहे, त्यात नाव नोंदवलं की एसएमएस येतो. पण अपेक्षा बेताची ठेवा. आपल्याकडे फर्म्सचा चांगल्यातला चांगला ठिपका म्हणजे ३७५ मीटरचा चौकोन, त्यात आमची बाग, शेजाऱ्याची बाग आणि वाडी सगळंच बसतं, आणि दोन फेऱ्यांच्या मधे पेटून विझलेली गवताची आग त्याला दिसतही नाही. तोपर्यंत वाडीतल्या ग्रुपवर फोटो येऊन माणसं झावळ्या आणि ओली पोती घेऊन पळालेली असतात. विझवायला त्याचा उपयोग नाही, इतिहास बघायला आहे. ह्या बारीक ठिपक्यांच्या नोंदी २०१२ पासूनच्या मिळतात, त्यामुळे आपल्या भागात आग साधारण कुठल्या अंगाने आणि कुठल्या महिन्यात येते ते कळतं. आमच्याकडे ती बहुतेक रस्त्याच्या अंगाने चढते. जाळरेषा, म्हणजे आग अडवायला साफ केलेला पट्टा, आता आम्ही तिकडेच आधी काढतो, पूर्वी चहूबाजूंनी थोडी थोडी काढायचो.

सॅटेलाइटची साधी चित्रं पाहिजेत तर युरोपवाल्यांची सेंटिनल-२ ची फुकट बघायला मिळतात, कोपर्निकस ब्राउझर म्हणून आहे, १० मीटरची बारकाई, दर पाच दिवसांनी एक फेरी. पण कोकणात जून ते सप्टेंबर त्यात काय दिसणार, ढग. सडा ज्या महिन्यांत जिवंत असतो नेमक्या त्याच महिन्यांत आभाळ झाकलेलं. म्हणून "उपग्रहावर आधारित" असं ठळक अक्षरात लिहिणारी ॲपं घेताना हा एक प्रश्न आधी विचारा, पावसात काय करता म्हणून.

आता सरकारी. ई-पीक पाहणी सगळ्यांना माहितीये, १५ ऑगस्ट २०२१ पासून राज्यभर आहे, आपल्या जागेत उभं राहून फोटोसकट पीक भरायचं आणि ते सातबाऱ्यावर चढतं. बहुतेक जण पीक भरून बंद करतात, पण त्यात बांधावरची झाडं नोंदवायची सोय आहे ती वापरत नाहीत. ती वापरा. गडग्यावरचा फणस, रायवळ आंबा, ऐन, किंजळ, सगळं घाला. पडीक जमीन पण नोंदवता येते, कायम पड, चालू पड. इथे मात्र हसायला येतं, म्हणजे जगात दुसरीकडे कुठंच न होणारी दीपकाडी माझ्या सातबाऱ्यावर आली तर कशी येणार, "पोटखराबा" आणि "कायम पड". पण निदान जागेची, तारखेची अधिकृत नोंद होते, आणि उद्या कुणी म्हणालं की इथं काही नव्हतंच, तर दाखवायला काहीतरी आहे. हे जैवविविधतेचं ॲप नाही, तसा दावाही ते करत नाही, त्यामुळे तारे देत नाही.

आयनॅचरलिस्ट. फुलाचा, बेडकाचा, फुलपाखराचा फोटो टाकला की ॲप अंदाज सांगतं आणि मग जगभरातली जाणती माणसं येऊन बरोबर-चूक सांगतात. २००८ मध्ये कॅलिफोर्नियातल्या विद्यार्थ्यांच्या प्रोजेक्टमधून सुरू झालेलं, आता स्वतंत्र ना-नफा संस्था आहे. रेंज नसताना काढलेले फोटो नंतर चढवता येतात. माझ्या सड्यावरच्या कितीतरी बारीक वनस्पतींची नावं मला तिथूनच कळली. पण एक गोष्ट आधी करा. जागा "अस्पष्ट" करायचा पर्याय आहे, तो लावा. संकटात असलेल्या कित्येक प्रजातींची जागा ते आपणहून झाकतं, साधारण २० किलोमीटरच्या चौकोनात कुठंतरी ठिपका दाखवतं, तरीपण खवले मांजर दिसलं, त्याचं बीळ दिसलं, तर मी म्हणेन टाकूच नका. १९७२ च्या वन्यजीव कायद्यात ते पहिल्या अनुसूचीत आहे, चिपळूण तालुक्यात डुगवे गावात त्याचा खवलोत्सव केलाय लोकांनी, तरीही खवल्यांसाठी शोधत फिरणारे आहेतच. ती नोंद आपल्या बंद फॉर्मात, आपल्या चार माणसांत ठेवा.

ह्याच्याच पोटातली दुसरी भीती, जी कुठल्याही ॲपच्या माहितीपत्रकात नसते. मी हे सगळं करतेय म्हटल्यावर शेजारचे काका गडग्यापलीकडून म्हणाले, "लिहून ठेव हो सगळं, उद्या तेच दाखवून फॉरेस्ट लागेल तुझ्या सातबाऱ्यावर." ह्यात हसण्यासारखं काही नाही. १९७५ च्या खाजगी वने संपादन कायद्यानंतर ज्यांच्या सातबाऱ्यावर शिक्का बसला त्यांच्या पुढच्या पिढ्या कचेऱ्यांच्या पायऱ्या झिजवतायत, आणि म्हणूनच कोकणात कितीतरी माणसं रान वाढू देण्याआधीच तोडून मोकळी होतात. राखणाऱ्यालाच राखल्याची नोंद महाग पडेल असं वाटत असेल तर ॲप कितीही चांगलं असो, तो खोटं भरेल किंवा भरणारच नाही. त्यामुळे माझा पहिला निकष आता हा झालाय की माहिती कुणाची, कोण बघू शकतं आणि मी ती पुसू शकते का. एपिकलेक्टमध्ये प्रोजेक्ट खाजगी ठेवता येतं, कोण नुसतं भरेल, कोण बघेल, कोण दुरुस्त करेल हे ठरवता येतं. आमच्यात आबा भरतात, मी बघते, भाची दुरुस्त करते. काकांना मी फोनवर उघडून दाखवलं, त्यांचं समाधान काही झालेलं नाही, पण स्वतःच्या सड्यावर ठिपका द्यायला परवा तेच ऑइलपेंटचा डबा मागून घेऊन गेले.

मर्लिन पटकन उरकते. पक्ष्यांचा आवाज ऐकून नाव सांगतं, भारताचा पॅक एकदा उतरवला की रेंज लागत नाही. गंमत म्हणून पाचपैकी पाच, आबांचा नातू सकाळी तेच घेऊन बसतो. बाग सांभाळायला त्याचा थेट उपयोग शून्य, आणि त्याचं नाव डोळ्यांनी बघून खात्री केल्याशिवाय नोंदीत घालू नये.

सेंद्रिय प्रमाणपत्रवाल्यांसाठी, पीजीएस इंडिया ह्या सरकारी प्रमाणपत्र योजनेत गट करून एकमेकांच्या शेताची पाहणी करायची असते, किमान पाच शेतकरी लागतात. तिथे पोर्टलवर निविष्ठांची माहिती मुख्य, पण पाहणीला आलेल्या माणसाला हे ठिपक्यांचे फोटो दाखवले की बोलणं वेगळ्याच पातळीवर जातं. गिऱ्हाइकासाठी मी पेटीत क्यूआर कोड टाकते, त्यात धनेशाच्या झाडाची जागा नाही, नुसते सड्याचे चार ऋतूंचे फोटो आणि आबांचा आवाज. हापूसला २०१८ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं, तो क्यूआर वेगळा, हा वेगळा, लोक दोन्ही स्कॅन करतात आणि फोन मात्र आबांच्या आवाजाबद्दल करतात.

राहिली गावाची जैवविविधता नोंदवही. २००२ च्या कायद्याने प्रत्येक ग्रामपंचायतीत समिती आणि लोकजैवविविधता नोंदवही असायला पाहिजे, माधव गाडगीळांनी ही कल्पना रुजवली ती लोकांनी लोकांच्या माहितीतून लिहावी म्हणून. हरित लवादाने जानेवारी २०२० ची मुदत घातल्यावर घाईघाईत भरपूर वह्या तयार झाल्या. मी पाहिलेल्या एकीत समुद्रापासून लांबच्या गावात कांदळवन लिहिलेलं होतं, शेजारच्या गावाची वही उतरवून काढल्यासारखं. आमच्या फॉर्मातली माहिती तिथं जायला पाहिजे असं मला वाटतं, पण गावाने ठरवून, कुठलं दाखवायचं आणि कुठलं झाकायचं हे ग्रामसभेत बसून. ते अजून व्हायचंय, पालखी उरकली की विषय काढणार आहे.

तुम्हाला करायचं असेल तर आधी वही घेऊन बागेतून एक चक्कर मारा आणि कुठं काय टाळता ते लिहा, फॉर्म नंतर. प्रश्न दहाच्या वर नेऊ नका, गडी कंटाळतो. ज्यांचं खाजण, म्हणजे खाडीकाठची खारी जमीन, आहे त्यांनी भरतीचं पाणी कुठवर आलं, बांधाला खेकड्यांनी भोकं पाडलीत का, कांदळ कुठवर सरकलं, एवढे तीन घाला. फोनला प्लास्टिकची पिशवी, आणि पॉवर बँक, पावसात लाइटचा काय भरवसा.

आणि त्या पैसेवाल्या ॲपचा अजून मेसेज येतो, तुमचा स्कोअर खाली गेलाय, आजच पाच झाडं लावा म्हणून.